बेवारस म्हणण्याआधी



नेरपासून समुद्र किती लांब आहे हे कोणी सांगायला नको. आपल्यातल्या कित्येकांनी तो आयुष्यात एकदोनदाच पाहिला असेल. बांद्र्याच्या मोत माऊलीच्या जत्रेला गेलो तेव्हा, नाहीतर मुंबईकडच्या नातलगांच्या लग्नाला. तरीही आज एका बोटीविषयी लिहायचे आहे. कारण त्या बोटीने जो प्रश्न उभा केला तो आपल्या वावराच्या धुऱ्यावर, एसटीच्या सीटखाली आणि आठवडी बाजारातही उभा राहतो. आपली नसलेली वस्तू आपल्यासमोर आली आहे. मालक दिसत नाही. वस्तू तशीच पडून राहिली तर खराब होणार आहे. तिला हात लावावा का? लावला तर कोणाच्या नावाने? आणि मालकाचा शोध किती घेतला म्हणजे तो पुरे झाला म्हणायचे?

१८ ऑगस्ट २०२२, गुरुवार. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ सुमारे सोळा मीटर लांबीची एक बोट लोकांना दिसली. बोटीत माणूस कोणी नव्हता. होत्या त्या तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे. पोलिसांना कळवले गेले आणि बघता बघता सगळ्या राज्यात नाकाबंदी झाली. लोक घाबरले यात नवल नव्हते. याच श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला १९९३ साली स्फोटके उतरवली गेली होती. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' नावाची पोरबंदरची मासेमारी बोट बळकावून आले, तिच्या तांडेलाला त्यांनी ठार मारले आणि बोट समुद्रात सोडून दिली. तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावर माणसाविना तरंगणारी बोट म्हटली की पोटात गोळा येतो.

पण त्याच दिवशी त्या वेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत त्या बोटीची हकीकत सांगितली. बोटीचे नाव 'लेडी हान'. मालकीण ऑस्ट्रेलियाची, तिचा नवरा बोटीचा कप्तान. बोट मस्कतहून युरोपकडे निघाली होती. २६ जून २०२२ रोजी सकाळी इंजिन बंद पडले, मदतीची हाक गेली, आणि दुपारी कोरियाच्या एका युद्धनौकेने माणसांना वाचवून ओमानच्या हवाली केले. समुद्र खवळलेला असल्यामुळे बोट ओढून नेता आली नाही. ती तशीच सोडावी लागली आणि समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत वाहत कोकणात आली. २६ जून ते १८ ऑगस्ट, म्हणजे त्रेपन्न दिवस ती एकटी समुद्रात होती.

सकाळी जी बोट बेवारस होती तिला संध्याकाळपर्यंत नाव, मालकीण, कप्तान आणि एक दुःखाची गोष्ट मिळाली. बोट तीच होती. बदलले होते ते आपले ज्ञान. बेवारसपणा त्या बोटीच्या लाकडात किंवा लोखंडात कधीच नव्हता. तो आपल्याला माहीत नव्हते यात होता.

आपल्या मराठीत यासाठी किती वेगवेगळे शब्द आहेत पाहा. जनावर दावे तोडून गेले तर आपण म्हणतो 'सुटले'. पाकीट पडले तर 'हरवले'. मोडकी खाट उकिरड्यावर दिली तर ती 'टाकली'. आणि ज्याच्या मागेपुढे कोणीच नाही ते 'बेवारस'. सुटलेल्या बैलाचा मालक त्याला शोधत रानोमाळ फिरत असतो. हरवलेल्या पाकिटाचा मालक घरी बसून डोके धरून आठवत असतो, कुठे पडले असेल म्हणून. टाकलेल्या खाटेचा मालक मात्र परत वळून पाहत नाही. वस्तू रस्त्यात पडलेली असताना बाहेरून हे सगळे सारखेच दिसते. म्हणून जो तो आपल्या सोयीचा शब्द उचलतो. मालक म्हणतो हरवले, सापडणारा म्हणतो टाकलेले होते. (टाकलेली बाई हा शब्दही आपल्याच भाषेतला. तिथेही 'टाकली' असे म्हणणारा कोण होता, हे कोणी विचारत नाही.)

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी चोरीचा विचार करताना या भेदाकडे नीट लक्ष दिले आहे. समुद्राच्या काठी मिळणारे मोती किंवा रत्ने, ज्यांना कधी मालक नव्हताच, ती सापडेल त्याची. पण ज्या वस्तूला मालक होता ती उचलताना मनात काय आहे हे महत्त्वाचे. परत देण्याच्या इच्छेने घेतली तर ती चोरी नव्हे. मालकाने ती सोडून दिली आहे असे खरोखर वाटून घेतली, तरी ती चोरी नव्हे. नाहीतर मात्र चोरी. वाचायला सोपे आहे. अडचण 'खरोखर वाटून' या दोन शब्दांत आहे. माणसाला जी वस्तू हवी असते ती टाकलेली आहे असे वाटायला त्याला फारसा वेळ लागत नाही.

ही पळवाट आपल्या देशाच्या कायद्याने बऱ्यापैकी बंद केली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच विचार कलम ३१४ मध्ये आला. सापडलेली वस्तू सांभाळण्यासाठी किंवा मालकाला देण्यासाठी घेणारा गुन्हेगार नाही. पण मालक कोण हे माहीत असताना, किंवा माहीत करून घेण्याचे साधन हाताशी असताना ती आपली करून टाकणारा गुन्हेगार आहे. आणि मालक माहीत नसला तरी त्याला शोधण्याचे वाजवी प्रयत्न न करता, वाजवी काळ वाट न पाहता ती वापरणाराही गुन्हेगार आहे. थोडक्यात, 'मला वाटले' हे उत्तर पुरत नाही. तुम्ही काय केले ते सांगा, असे कायदा विचारतो.

बोटीच्या बाबतीत काय करता येते? पुष्कळ काही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक नोंदणीकृत मासेमारी बोटीच्या अंगावर नंबर रंगवलेला असतो. 'आयएनडी एमएच' अशी त्याची सुरुवात असते, आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या दप्तरात त्या नंबरासमोर मालकाचे नाव असते. रंग उडाला असेल तर इंजिनावर नंबर असतो. मोठ्या जहाजाला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या व्यवस्थेतून सात आकडी क्रमांक मिळतो. जहाज विकले, नाव बदलले, झेंडा बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. बोटीला नाव, बंदर, झेंडा, नंबर एवढे सगळे असताना 'मालक कळला नाही' असे म्हणणाऱ्याने बहुधा वाकून पाहिलेच नसते.

आणि इथेच खरा पेच आहे. ज्याला ती बोट दुरुस्त करून पाण्यात घालायची आहे त्यानेच मालक शोधायचा आहे. म्हणजे जो सापडू नये अशी मनातून इच्छा आहे त्यालाच शोधायला निघायचे. असा शोध कसा होतो ते आपण जाणतो. एकदा विचारायचे, तेही दुपारी, जेव्हा कोणी घरी नसते. नोटीस लावायची, पण मागच्या भिंतीवर. एसटीत सापडलेल्या मोबाईलवर मालकाचाच फोन येत असतो आणि माणूस तो बंद करून खिशात घालतो. नंतर सांगतो, कोणी विचारायलाच आले नाही. कायद्याचे शब्द पाळूनही असा शोध खोटा असू शकतो, आणि ते पकडणे पोलिसांच्या हातात नसते.

संत ऑगस्टिन यांनी आपल्या एका प्रवचनात मिलान शहरातील एका माणसाची गोष्ट सांगितली आहे. ते स्वतः त्या शहरात राहत होते तेव्हाची. हा माणूस फार गरीब, एका शिक्षकाच्या दारावर राखणदारी करणारा. त्याला एक थैली सापडली. आत सुमारे दोनशे सोन्याची नाणी होती. त्याने काय करावे? सर्वांना दिसेल अशा जागी जाहीर सूचना लावली, की ज्याची थैली हरवली असेल त्याने अमुक ठिकाणी यावे. मालक रडत भटकत होता, तो सूचना वाचून आला. आमच्या या राखणदाराने थैली लगेच हातात दिली नाही. थैली कशी होती, शिक्का कोणता, नाणी किती, हे विचारून घेतले आणि खूण पटल्यावरच दिली. मालकाने आनंदाने वीस नाणी पुढे केली. त्याने घेतली नाहीत. दहा तरी घे. नाही. पाच तरी? नाही. शेवटी मालक चिडला, थैली खाली टाकून म्हणाला, तू काहीच घेत नसशील तर माझेही काही हरवले नव्हते! तेव्हा त्याने पाच नाणी घेतली आणि तिथल्या तिथे गरिबांना वाटून टाकली, घरी एकही नेले नाही.

ही गोष्ट सांगून ऑगस्टिन यांनी फार कडक शब्द वापरले आहेत. सापडलेले परत न करणे म्हणजे लुबाडणेच, असे त्यांचे म्हणणे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातही सापडलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणे सातव्या आज्ञेखालीच धरले आहे, देशाचा कायदा त्या बाबतीत गप्प असला तरी.

या गोष्टीतल्या दोन बारीक खुणा मला विशेष वाटतात. सूचना उघड्यावर लावली, ही एक. आणि खूण पटवून घेतली, ही दुसरी. शोधायचे म्हणजे कोणीही आला की देऊन मोकळे व्हायचे असे नाही. खोट्या मालकापासून खऱ्या मालकाची वस्तू राखणे हेही त्यातच आले. शेवटच्या भागाबद्दल मात्र मला थोडे वेगळे वाटते. त्या माणसाने बक्षीस नाकारले हे त्याचे मोठेपण. पण ही गोष्ट गरिबाच्या पाठीवर मारायची छडी करू नये. ज्याने तीन दिवस मजुरी बुडवून मालक शोधला त्याने त्या तीन दिवसांचे पैसे घेतले तर त्यात काहीही वाईट नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानेसुद्धा सापडणाऱ्याला एवढे दिले आहे की वस्तू सांभाळण्याचा आणि मालक शोधण्याचा खर्च मिळेपर्यंत ती आपल्याजवळ धरून ठेवता येते. त्रासाचे पैसे मागण्यासाठी कोर्टात मात्र जाता येत नाही, मालकाने आधीच बक्षीस जाहीर केले असेल तरच जाता येते.

समुद्राचा कायदा याहून उदार आहे. संकटातले जहाज किंवा माल वाचवणाऱ्याला मोबदला मिळतो, त्याला सॅल्व्हेज म्हणतात. नियम असा की वाचले तर मोल, नाही वाचले तर काही नाही. जुन्या काळापासून चालत आलेली ही रीत १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात नव्याने लिहिली गेली. वाचवणारा मोबदल्याचा हक्कदार होतो, मालक होत नाही. जहाज ज्याचे होते त्याचेच राहते. आणि त्याच करारात असेही आहे की ज्यांचा जीव वाचवला त्या माणसांकडून मोबदला मागता येत नाही. मालाला किंमत आहे, माणसाला वाचवणे हे कर्तव्य आहे. खलाशांनी हे शिकायला पुस्तके वाचली नसतील.

पण किनाऱ्यावरची माणसे नेहमी इतकी उदार नव्हती, राजे तर नव्हतेच. फुटलेले जहाज ज्याच्या किनाऱ्याला लागेल ते त्याचे, अशी रूढी युरोपातही होती आणि आपल्याकडेही. युरोपात अनेक सरदारांचे ते उत्पन्नच होते. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने जहाज फुटून संकटात सापडलेल्या ख्रिस्ती माणसांना लुटणारे बहिष्कृत ठरतील, लुटलेले परत करीपर्यंत, असा नियम केला. आपल्या कोकणात १६७४ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. तहाच्या कलमांत एक मागणी अशी होती की वादळाने किनाऱ्याला लागलेली इंग्रजांची जहाजे आणि माल परत मिळावा. त्या कलमाला दरबाराकडून आक्षेप आला. अशी जहाजे परत देणे कोकणच्या जुन्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना दिले तर फ्रेंच आणि डचही मागतील. राज्यकर्त्याच्या दृष्टीने ते बोलणे समजण्यासारखे आहे. पण 'किनाऱ्याला लागले ते किनाऱ्याचे' हा विचार किती खोल रुजलेला होता, हे यावरून दिसते. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात ते उलटे झाले: सापडलेले जहाज नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचे, त्याने जाहीर सूचना काढायची, आणि मालकाला हक्क सांगायला एक वर्ष. २०२५ साली संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला.

समुद्राचे सोडा. आपल्या गावच्या कोंडवाड्याची व्यवस्थाही तीच आहे, आणि ती मला अधिक सुंदर वाटते. १८७१ चा गुरांचा कायदा सांगतो की कोंडलेले जनावर सात दिवसांत कोणी नेले नाही तर पोलीस ठाण्यावर सूचना लावायची, आणि जिथे जनावर सापडले तिथल्या गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची. त्यानंतर आणखी सात दिवस. मग लिलाव. लिलावातून खर्च वजा जाऊन उरलेले पैसेही लगेच खायचे नाहीत, तीन महिने मालकाच्या नावाने ठेवायचे. बाजारात दवंडी का? कारण शेजारच्या गावचा माणूस बाजारालाच येणार. ज्याने हे लिहिले त्याला मालक खरोखर सापडावा असे वाटत होते. जुना करारही तेच सांगतो. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात भावाचा चुकलेला बैल किंवा मेंढरू दिसले तर दिसलेच नाही असे करून पुढे जाण्याची मुभा नाही. भाऊ लांबचा असेल, किंवा तो कोण हेच माहीत नसेल, तर जनावर आपल्या घरी आणायचे, आणि तो शोधत येईपर्यंत सांभाळायचे. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात तर वैऱ्याच्या बैलालाही हेच लागू केले आहे. वैऱ्याच्या दारात बैल घेऊन जाणे किती अवघड, हे धुऱ्यावरून भांडण झालेल्या शेतकऱ्याला विचारा.

आतापर्यंत आपण मालकाच्या बाजूने बोललो. पण कोंडवाड्यात आणखी एक प्रकार दिसतो. जनावराचा मालक कोण ते सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तो येत नाही. म्हातारा बैल. दंड आणि चाऱ्याचा खर्च बैलाच्या किमतीहून जास्त. तो मुद्दामच सोडला होता. विचारले तर म्हणतो, माझा नाही.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत हे नेहमी घडते. ३१ जुलै २०११ रोजी मुंबईत जुहूच्या किनाऱ्याला 'पवित' नावाचे पनामाचा झेंडा असलेले तेलवाहू जहाज येऊन रुतले. त्यावरच्या खलाशांची जूनअखेर ओमानजवळ सुटका झाली होती आणि जहाज बुडाले असे धरले गेले होते. ते महिनाभर कोणाच्या लक्षात न येता तरंगत आले. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या बंधाऱ्याला जाऊन अडकले आणि वर्षानुवर्षे तिथेच गंजत राहिले. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर 'रिव्हर प्रिन्सेस' हे प्रचंड जहाज जून २००० मध्ये रुतले. ते काढायला २०१२ उजाडले. मालक कोण हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. पण काढण्याचा खर्च कोणी करायचा, यात बारा वर्षे गेली, आणि समुद्राकाठच्या लोकांनी आपल्या दारात तो लोखंडी डोंगर पाहत दिवस काढले. २००७ साली नैरोबीत झालेला जहाजांच्या सांगाड्यांविषयीचा करार म्हणूनच मालकाला जबाबदार धरतो आणि मोठ्या जहाजांना विमा सक्तीचा करतो. भारत त्यात २०११ साली सामील झाला.

'लेडी हान'ची मालकीण शोधली ती तिला दोष देण्यासाठी नव्हे. 'रिव्हर प्रिन्सेस'च्या मालकाकडे बोट दाखवावे लागले ते मात्र ओझे उचलायला लावण्यासाठी. प्रश्न एकच होता, हे कोणाचे? पण एकदा त्याचा अर्थ होतो, हे कोणाला परत द्यायचे? आणि दुसऱ्यांदा, हे कोणी निस्तरायचे? मालकी म्हटली की आपण पहिलाच अर्थ धरतो. सातबाऱ्यावर नाव लागले की बांधावरचे बाभळीचे झाड आपले, आणि तेच झाड शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडले की ती देवाची करणी.

सगळ्यात वाईट म्हणजे अशा जहाजावर कधी कधी माणसेही असतात. मालकाचे दिवाळे निघते, पगार थांबतो, अन्नपाणी संपते, आणि बंदरातले अधिकारी त्यांना उतरू देत नाहीत कारण जहाज माणसाविना ठेवता येत नाही. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात २०१४ साली सुधारणा करून 'टाकून देणे' म्हणजे काय हे लिहावे लागले: दोन महिन्यांचा पगार दिला नाही, अन्नपाणी दिले नाही, घरी पाठवण्याचा खर्च केला नाही, तर त्या मालकाने खलाशांना टाकले असे धरायचे. ग्लासगोत १९२० साली सुरू झालेल्या स्टेला मारिस या कॅथलिक सेवाकार्याची माणसे बंदरांत अशा खलाशांना भेटतात, त्यांना अन्न आणि घरच्यांशी बोलायला फोन पुरवतात. इथे मालक शोधणे म्हणजे कोणाच्या तरी घरातल्या चुलीचा प्रश्न असतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही किनाऱ्याला लागलेले एक जहाज आहे, फक्त ते रुळांवरचे आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला. गाडी बंद पडली, रुळांत गवत वाढले. लोक सहज म्हणतात, आता तिला कोण विचारतो? पण ती छोटी लाइन रेल्वे चालवत असतानाही तिची मालकी ब्रिटिश काळातल्या एका खाजगी कंपनीकडे होती, देशातल्या इतर रेल्वेप्रमाणे ती सरकारजमा झाली नव्हती. कोणाला माहीत नव्हते म्हणून ती बेवारस झाली नाही.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. बेंबळा, अरुणावती अशा आपल्या जिल्ह्यातल्या धरणांच्या जलाशयांत भोई बांधव डोंगा घालून मासे धरतात. समजा, दिवाळीनंतर पाणी मागे हटले आणि काठच्या चिखलात एक डोंगा उपडा पडलेला दिसला. महिना झाला, दोन महिने झाले, कोणी हात लावत नाही. एका बाजूची फळी उखडली आहे. डांबर लावले, दोन खिळे ठोकले तर अजून चार वर्षे चालेल. असाच राहिला तर उन्हाने तडकून सरपण होईल. एखाद्या तरुणाला वाटले की आपण तो दुरुस्त करावा, तर ते वाटणे चांगलेच आहे. वस्तू वाया जाऊ देणे हे काही पुण्य नव्हे.

पण दिवाळीनंतर आपल्याकडची किती माणसे गावात असतात? कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईकडे बांधकामावर. घराला कुलूप, अंगणात गवत, आणि डोंगा काठावर उपडा. तो उपडा आहे हीच खूण आहे. टाकून देणारा माणूस नाव उपडी घालत नाही, पाणी साचून कुजू नये म्हणून परत येणारा घालतो. त्या तरुणाने आधी मच्छीमार संस्थेच्या सचिवाला विचारावे. जलाशयावर डोंगा कोणाकोणाचा आहे हे त्याला बहुधा तोंडपाठ असते. मग काठच्या दोन्ही गावांत विचारावे, सकाळी आणि संध्याकाळी, घरी माणसे असताना. बाजारात सांगावे. फळी पार निखळायला आली असेल तर ती ठोकून घ्यावी, डोंगा सावलीत ओढावा, खर्च लिहून ठेवावा. पाण्यात मात्र घालू नये. निदान होळी होऊन माणसे गावात परत येईपर्यंत.